फुटपाथची उंची

पनवेल, १२ फेब्रुवारी २०१५, गुरुवार

आज आईला बाजारातला नवा फुटपाथ दाखवायला नेलं. त्याचा नकाशा मीच काढलेला, त्यामुळे जरा मिरवतच होतो. गाड्या आत जायला प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी तो तोडावा लागला. म्हणजे सारखं खाली उतरा, पुन्हा वर चढा. कागदावर हे जाणवलंच नव्हतं. बाकीचे सगळे सरळ रस्त्यावरून चालले होते. आई मात्र माझा खांदा धरून चढत-उतरत राहिली. "छान झालाय रे," म्हणाली. तिचे गुडघे मला ठाऊक नाहीत का? ती पुन्हा चढायला लागली तेव्हा मीच म्हटलं, "आई, आपण खालूनच जाऊ."

"बरं झालं, तूच म्हणालास," ती म्हणाली, आणि माझा खांदा सोडला.