सेंडऑफचा शर्ट

१ मार्च, सकाळी ११
हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी जातात. आजपासून तीही कामाला लावायची.
एकतीस तारखेला हे रिटायर. काल जेवताना म्हणाले, सेंडऑफला एखादा शर्ट घ्यावा म्हणतो. मी म्हटलं, घरात सुईदोरा असताना? गप्प बसले. पटलं असावं.
मग लेकीचा फोन. तिच्या मैत्रिणी म्हणे जीन्सवर मुद्दाम रंगीत ठिगळं लावून मिरवतात. फाटलेलं लपवायचं नाही, उलट नटवायचं. ऐकून डोळेच भरून आले. तीस वर्षं मी जे करतेय त्याला फॅशन म्हणतात आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही.
संकल्प: यांचा जुना आकाशी शर्टच असा नटवायचा की ऑफिस बघत राहिलं पाहिजे. रोज एक तास. टाक्यागणिक देवाचं नाव. शर्टही होईल, पुण्यही पदरात पडेल.

२ मार्च
पाठ धरली. सुरुवात उद्या.

५ मार्च, दुपारी ३
सुरुवात. उजव्या कोपरावर भोक होतं, तिथे लाल फूल काढलं. झकास! उगीच नाही मॅट्रिकला शिवणकामात पहिली आले. (वर्गात आम्ही चौघीच होतो, पण पहिली ती पहिली.)

६ मार्च
फुलाच्या कडेने कापड विरलं. दोरा मी चांगला पक्का घातला होता, कापडालाच दम नाही. तिथे एक पान काढलं.

८ मार्च
पानाच्या कडेने फाटलं. आणखी एक पान.

९ मार्च
दोन्ही पानांच्या मधे फाटलं. आता याला वेल म्हणायचं. खरं तर पहिल्यापासून वेलच मनात होती.

१३ मार्च
वेल खांद्यापर्यंत पोचली. डोळ्यांतून पाणी, बोटांची चाळण. हे म्हणाले, पुरे कर आता, दमशील. या माणसाला माझं किती कौतुक!

१५ मार्च
इस्त्री करायला घेतली आणि शेजारच्या वकीलवहिनी आल्या. त्यांच्या सासूचं गाऱ्हाणं ऐकेपर्यंत खिशावर डाग पडला. इस्त्रीच्याच आकाराचा. देवाची इच्छा. त्यावर शीड लावून होडी केली. यांना दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, अगं, मी रिटायर होतोय, परदेशी निघालो नाही.
आनंद झाला की यांना असे विनोद सुचतात.

१८ मार्च
काखेत उसवलं म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेला. चष्मा पुसून पुसून बघत होता. म्हणाला, काकू, यात आता कापडाने दोरा धरलेला नाही, दोऱ्याने कापड धरलंय. हा धुवायचा नाही. लांबून नमस्कार करायचा. काखेला हात लावायला तयारच होईना.
त्यांच्या धंद्यात मत्सर फार.

२१ मार्च, दुपारी
कपाट आवरताना यांच्या फायलींमागे पाकीट सापडलं. आत कोरा शर्ट, पिस्ता रंगाचा, पावतीसकट. किंमत बघून खालीच बसले. डोकं चालवलं तेव्हा उलगडा झाला: साहेबांना देण्यासाठी आणला असणार. रिटायर हे होणार आणि भेट साहेबांना! भोळा शंकर नुसता. माप नेमकं यांचंच निघालं, पण साहेबही असेच हडकुळे असतील.
यांना बोलून दुखवायचं नाही. परस्पर निस्तरायचं.

२२ मार्च
दुकानदार म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत, बदल्यात दुसरं काही घ्या. घेतलं. रेशमी दोऱ्याच्या बेचाळीस लडी आणि भरतकामाला कापड ताणून धरायची एक कडी. साहेबांना पांढऱ्या रुमालावर गुलाब काढून देईन. हाताने केलेल्याचं मोल वेगळंच.

२४ मार्च
लेकीला शर्टाचा फोटो पाठवला. लगेच फोन. आई, मी मैत्रिणींच्या जीन्सबद्दल बोलत होते गं, बाबांच्या सेंडऑफबद्दल नाही. बाबांना विचारलंस का?
विचारायचं काय त्यात? एकतीस वर्षांत यांनी मला एकदाही नाही म्हटलेलं नाही.

३० मार्च
झाला. डावी बाहीही वेलीत घेतली, कारण डावीही विरायला लागली होती. रुमालही झाला. मान वळत नाही.

३१ मार्च, संध्याकाळी ७
घडलं ते नीट लिहून ठेवते.
सकाळी यांनी कपाट उपसलं. फायली बाहेर, चादरी बाहेर. काय हवंय म्हटलं तर काही नाही. तेव्हा मी सांगितलं, साहेबांचं ते पाकीट शोधत असाल तर सोडा चिंता. शर्ट बदलून दोरे आणलेत, साहेबांना रुमाल तयार आहे. हे पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, दे तुझा शर्ट.
घातला. देखणे दिसत होते. जाताना मात्र वकिलांकडे शिरले आणि त्यांचा काळा कोट मागून आणला. गळ्यापर्यंत बटणं लावली. समारंभाला मीही होते. हॉलमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, साहेब दोनदा म्हणाले, कोट काढा की. हे म्हणाले, थंडी वाजतेय. ताप असेल असं मला वाटलं. कपाळ गार होतं.
साहेब अंगाने चांगले भरलेले निघाले.
घरी आल्यावर कोट काढला, तर शर्टाची उजवी बाही कोटातच राहिली. वेल शाबूत आहे.
लेकीने फोटो बघितला. म्हणाली, बाबा निरोप घेताना नाही, जामीन मागताना दिसतायत. मी हसले. हे हसले नाहीत.

१ एप्रिल, सकाळी ९
चहा पिताना म्हणाले. रागावून नाही, उन्हाळ्याबद्दल बोलावं तसं. तो शर्ट माझ्यासाठी होता. चार वेळा दुकानात जाऊन नुसता बघून आलो, पाचव्यांदा घेतला. मला कुठला रंग आवडतो हे मला या वयापर्यंत माहीतच नव्हतं गं. पिस्ता आवडतो म्हणे.
मी म्हटलं, मग तेव्हाच बोलायचं नाही का?
म्हणाले, बोललो होतो. जेवताना.

३ एप्रिल, दुपारी १
दुकानात जाऊन आले. शिल्लक लडी परत घेईनात, म्हणून घरखर्चातले पैसे नेले होते. दुकानदार म्हणाला, त्यातला तो एकच होता, परवा गेला. मी म्हटलं, त्या रंगाचं कापड तरी दाखवा, मी घरीच... आणि पुढे बोलवेना. तशीच परत आले.
यांना म्हटलं, चला, दोघं जाऊ. दुसरा बघा एखादा. तुम्हीच पसंत करा, मी दुकानाबाहेर उभी राहते.
म्हणाले, आता कशाला? कुठे जायचंय मला?
नुसत्या बनियनवर बसले होते. बनियनला खांद्यावर भोक पडलंय. मला दिसलं. काही बोलले नाही.