घरमालकिणीचा दिवा

माझ्या धाकट्या झेहराला थोरल्या नफीसाचा सलाम.

पाकिटावर तुझं लग्नानंतरचं ख्रिस्ती नाव घातलंय, पण हाक मी जुनीच मारणार. नात लिहून घेतेय, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं.

आम्ही खुशाल आहोत. ज्या बादशाहीने आपलं क्रीट जिंकलं ती बुडाली, मोठ्या लोकांनी तह केला आणि तिथले आम्ही मुसलमान इकडे तुर्कस्तानात, इकडचे ख्रिस्ती तिकडे. ख्रिस्ती नवरा केलास म्हणून तू तेवढी राहिलीस. बाबांनी तेव्हा काय थयथयाट केला होता!

इथून गेलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं घर मिळालंय, चांगलं आहे. फक्त रिकाम्या स्वयंपाकघरात संध्याकाळी कुणीतरी कणीक मळत असल्याचा आवाज यायचा. शेजारीण म्हणाली, जुनी मालकीण गेल्याच वर्षी वारली. जाताना घरच्यांनी जुन्या कबरींतली हाडं सोबत नेली, पण तीन वर्षं झाल्याशिवाय त्यांच्यात कबर उकरत नाहीत, म्हणून ती एकटी मागे राहिली. मी तिच्या कबरीवर तेलाचा दिवा लावू लागले.

इमामांनी हटकलं, “नफीसा, ही तुझी कोण?”

म्हटलं, “घरमालकीण. भाडं नको का द्यायला?”

तेव्हापासून आवाज थांबलाय.

तुझे गुडघे कसे आहेत? चालवत असेल तर आईच्या कबरीवर जाऊन ये. तिथे नांगर फिरवताहेत असं ऐकलं. फिरला असेल तर मात्र कळवू नकोस. तुझं पत्र मला ही पोरच वाचून दाखवणार, आणि हिचा आवाज हुबेहूब आईसारखा आहे.

खाली अंगठा माझाच.

तुझी नफीसा