तिसऱ्या मजल्यावरची पायरी

प्रिय बंड्या,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लागेल तुला वेळ. पण कागदाच्या मध्ये तोंड घालता येत नाही, हे बरं.

तुझ्या लेकीने शाळेत मीडिया हा ऐच्छिक विषय घेतला तेव्हा तू तिकडून केवढा थयथयाट केलास. कॅमेरा घेऊन उंडारायला शाळा कशाला, म्हणालास. परीक्षेत चमकली नाहीस तर मुकाट्याने हिशेबाचा विषय घ्यायचा, असं कबूल करून घेतलंस. पोरगी हो म्हणाली आणि कामाला लागली.

परीक्षेसाठी एक बातमी तयार करायची होती. तिने आपली लिफ्ट घेतली. तू नोकरीसाठी तिकडे गेलास तेव्हापासून ती बंदच होती. सेक्रेटरीला कधीही विचारा, दोन दिवसांत होईल म्हणायचा. सगळी इमारत आता त्याला ‘दोन दिवस’च म्हणते. चौथ्या मजल्यावरून उतरायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांचे हाल. डॉक्टरकडे जाण्याखेरीज मी खाली उतरणंच सोडलं होतं. म्हणून तिला मी जिना चढताना हवी होते.

आता कॅमेऱ्यासमोर रडतखडत चढेन तर मी कसली? ठेवणीतले कपडे घातले, केस चापून बसवले आणि कठड्याला हात न लावता तरातरा चढले. तिसऱ्या मजल्यावर म्हटलं, बंद कर तो कॅमेरा. आणि जी बसले ती उठताच येईना. छातीचा नुसता भाता. पोरगी घाबरून पाणी आणायला वर पळाली, आणि कॅमेरा पायरीवर चालूच राहिला.

घरी पाहिलं तर काय, आधी मी अशी चढतेय की हिला लिफ्ट हवीय कशाला, असं कोणीही म्हणावं. आणि नंतर ते धापा टाकणं. मी म्हटलं, पुन्हा चढते, या वेळी कण्हत. तर म्हणे ते नाटक होईल, बातमी नाही. मग हळूच म्हणाली, “आजी, ते पायरीवरचं वापरू का? नको असेल तर पुसते.” पुसलं तर बातमीत काही उरत नव्हतं आणि विषय हातचा जात होता. तरी बोट बटणावर ठेवून बसली होती. अरे, मी तुझ्या बापालासुद्धा कधी दमलेली दिसले नाही. पण म्हटलं, वापर.

सेक्रेटरीलाही तिने बोलतं केलं. मी बजावलं होतं, चांगला सोलून काढ. तर ही शांतपणे ऐकत राहिली. समोरच्याचं पुरतं ऐकायचं, असं बाई शिकवतात म्हणे. तो म्हणाला, दोन दिवसांत होईल, आणि जिना चढणं तब्येतीला चांगलं. त्याचा एक शब्द तिने कापला नाही. कापल्या त्या माझ्या शिव्या, एकूण एक! त्याच्या बोलण्यानंतर लगेच मी, पायरीवर.

शाळेच्या सभागृहात दाखवलं. सूनबाईचा दंड धरून मी उतरले होते. सेक्रेटरीही होता, त्याची नात तिथेच शिकते. त्याच्या बोलण्यावर लोक हसले. मग पायरी आली आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागल्यावर मागून एका बाईने त्याला विचारलं, “अहो, ते दोन दिवस नेमके कुठले?”

त्याच आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. तुझी लेक विषयात पहिली आली.

हे तिने तुला कळवलेलं नाही. बाबा स्वतःहून विचारतील तेव्हाच सांगेन, म्हणते. तुझ्यावर गेलीय, दुसरं काय. पण फोन वाजला की आधी तीच बघते कोणाचा आहे. म्हणून हे पत्र. वाचलंस की फोन कर, मला नाही, तिला. या विषयाचा पुढे उपयोग काय, असलं काही विचारू नकोस. शाबास म्हण आणि मग ती बोलेल ते पुरतं ऐक. पत्र फाटकाबाहेरच्या पेटीत मी स्वतः टाकणार आहे. लिफ्टने उतरणार, लिफ्टने चढणार, आणि तिसऱ्या मजल्याकडे ढुंकून बघणार नाही.

तुझीच, पण या बाबतीत तिच्या बाजूची,
आई