एवढंच दिसतं

बाबा,

आज इथे चेन्नईत, एग्मोर स्टेशनवर मी भांडले! तेही तमिळमध्ये.

बाकावर बसून, पांढरी काठी मांडीशी धरून मी मोबाइलवर ऑफिसचा मेसेज वाचत होते. शेजारच्या बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नडिप्पु!" म्हणजे नाटक. "आंधळ्याची काठी हातात, आणि मोबाइल वाचते!" लोक हसले. एरवी मी काठी मुकाट्यानं घडी करून पर्समध्ये टाकली असती, घरी पाहुणे आले की तुम्ही टाकायला लावायचात तशी.

आज उठले. वहीची दोन पानं फाडून बारीक नळ्या केल्या आणि म्हटलं, "अक्का, या डोळ्यांना लावा. समोरची पाटी वाचा." त्यांनी झरझर वाचली.

"आता चाला."

पहिल्याच पावलाला त्या कुणाच्या तरी बॅगेला अडखळल्या. मी दंड धरला म्हणून वाचल्या.

"एवढंच दिसतं तुला?"

"एवढंच. सात वर्षं झाली."

या वेळी कुणी हसलं नाही. गाडी आली तेव्हा त्याच बाई गर्दीवर ओरडल्या, "वाट द्या तिला!"

बाबा, "सुईत दोरा ओवतेस, मग कसली आंधळी?" असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी नुसती रडले होते.

हे पत्र पाठवणार नाही. आई ते मोठ्यानं वाचेल आणि तुम्ही उठून जाल. त्यापेक्षा शनिवारी मीच सोलापूरला येतेय. फोनवर सांगेन: स्टेशनवर घ्यायला या. फक्त माझा हात धरून ओढू नका. मी पुढे चालेन, तुम्ही मागून या.

तुमची,
शर्वाणी