ब्रेनस्कमचा भाव

८ ऑगस्ट, शुक्रवार

सीथॉर्प! डेलने जेवताना सांगितलं आणि घास माझ्या तोंडातच राहिला. तिथल्या फुटबॉल क्लबला डाव्या बाजूचा बचावपटू हवाय. एजंटचं बोलणं झालंय, महिनाअखेर सही. म्हणजे आईचं घर चालत दहा मिनिटांवर! मी टिलीला उचलून गरगर फिरवलं. "काय झालं? काय झालं?" करत होती. सांगितलं नाही. सहा वर्षांची पोर, संध्याकाळपर्यंत गल्लीभर करेल.

"कुणाला बोलायचं नाही हं लॉर्ना. तुझ्या आईलासुद्धा नाही."

"मला शिकवू नकोस!"

खरंच शिकवायला नको. जुलैत क्लबने आम्हा सगळ्या बायकांना चहाला बोलावून नियम वाचून दाखवले. नवऱ्याने घरात सांगितलेली बातमी बाहेर गेली, आणि कुणी तिच्यावर पैसे लावले, तर बंदी नवऱ्यावर. बाकीच्या बिस्किटं खात होत्या. मी लिहून घेत होते.

११ ऑगस्ट

आई पुन्हा पडली. न्हाणीघरात. दोन तास तशीच पडून होती, शेजारणीने हाका ऐकल्या.

"वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय गं. वीस तारखेपर्यंत सांगा म्हणतायत. घर विकावं लागेल."

"थांब ना जरा."

"कशासाठी थांबू?"

काय सांगू? जीभ चावली. 'तब्येत सांभाळ' असलं काहीतरी बोलले आणि फोन ठेवून रडले. वीस तारखेच्या आत जाहीर होऊ दे!

१३ ऑगस्ट

पैसे लावणं आम्हाला बंद, बघणं नाही. म्हणून पैजांची साइट बघितली. 'डेल हेसलमचा पुढचा क्लब कोणता?' यावर लोक पैसे लावतायत! सीथॉर्पला एकास दोन. ब्रेनस्कमला एकास चौदा, म्हणजे कुणालाच ते खरं वाटत नाही. ब्रेनस्कम पार दक्षिणेच्या टोकाला, इथून मोटारीने सात तास. कोण जातंय मरायला?

१५ ऑगस्ट

ब्रेनस्कमचा भाव एकास पाच! दोन दिवसांत कुणीतरी भरपूर पैसे ओतलेत. मी हसले. बुडा मेल्यांनो.

पण दुपारी शेवॉन आली. आमच्या गोलकीपरची बायको, इथली माझी एकुलती एक मैत्रीण. कॉफी ढवळता ढवळता म्हणाली, "टिलीला पोहायला शिकव बाई. समुद्राजवळ राहायचं म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून साखर मागितली.

हिला कुणी सांगितलं? मी वेड पांघरलं. "कुठला समुद्र?"

"छे गं, असंच. पाणी उबदार असलं की पोरं लवकर शिकतात."

सीथॉर्पचं पाणी उबदार! जुलैतसुद्धा पाय बधिर होतात तिथे. बाईचा भूगोल कच्चा आहे, कान मात्र तिखट. डेलला चांगलं फैलावर घेतलं. "तू तिच्या नवऱ्याजवळ बोललास!" तो नाही म्हणाला. नाही म्हणाला, पण बुटाची नाडी सोडत बसला. बूट घातलेलाच नव्हता, हातात होता.

१८ ऑगस्ट

न्हावी घरी आला. केव्ह. नव्या क्लबचा शर्ट हातात धरून फोटो काढतात, त्याआधी डेल केस कापून घेतो. दर वेळी. केव्ह एरवी आल्या आल्या माझी टिंगल करतो. "काय वहिनी, अजून याच्याचकडे का?" आज नजरेला नजर देईना. चहा अर्धा टाकून गेला.

आणि डेल, न सांगता भांडी घासतोय! लग्नाला नऊ वर्षं झाली.

"ब्रेनस्कमचा भाव एकास एकवर आलाय."

"लोक मूर्ख असतात."

"इतके सगळे?"

तो नळ मोठा सोडून उभा राहिला. कुठेतरी पाणी मुरतंय. शेवॉन, केव्ह, एजंट... आज मला प्रत्येकाचा संशय येतोय. डेलचासुद्धा! लिहितानाही लाज वाटली.

२० ऑगस्ट

आईने वृद्धाश्रमाच्या कागदावर सही केली. "खोलीतून बाग दिसते गं. तू नको जिवाला लावून घेऊस."

'आई, आम्ही येतोय.' तीन शब्द. नाही बोलले.

२२ ऑगस्ट

सकाळी पैजवाल्यांनी ब्रेनस्कमवर पैसे घेणंच बंद केलं. दुपारी फोटो आला. निळा शर्ट, ताजे कापलेले केस, हसू. ब्रेनस्कम.

मग त्याचा फोन. "दोन वर्षांचा करार देतायत, लॉर्ना. सीथॉर्पवाले एकच देत होते. मी एकतीसचा आहे. तुला सांगणारच होतो..."

"ठरलं कधी?"

तो पगाराचे आकडे सांगू लागला. मी फोन आपटला.

५ सप्टेंबर

फुटबॉल संघटनेचे चौकशीवाले प्रेंडरसाहेब येऊन गेले. निवृत्त पोलीस, नजर बारीक. बातमी कुणी फोडली ते शोधतायत. डेल ब्रेनस्कमच्या हॉटेलात, त्यामुळे मी एकटीच सापडले.

"ब्रेनस्कमचं तुम्हाला कधी कळलं?"

"बावीस तारखेला. फोटो बघून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी तीस वर्षं हेच काम केलंय. बायकोला माहीत नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि माझा फोन पिशवीत घालून घेऊन गेले. विश्वास नाहीच बसला त्यांचा. मी तरी काय म्हणून दोष देऊ?

९ ऑक्टोबर

निकालाचं पत्र. डेलवर चार महिन्यांची बंदी. केव्हने स्वतः, आणि दोन मेव्हण्यांच्या नावाने, पैसे लावले होते.

सोबत यादी आहे: कुणाला कधी कळलं. एजंट आणि डेल, ११ ऑगस्ट. सासूबाई, १२. केव्ह, १३. गोलकीपर आणि शेवॉन, १४. सामान हलवणारा, १६. आमचा कुत्रा सांभाळणारी बाई, १७. कुत्रा सांभाळणारी!

शेवटी मी. 'पत्नी लॉर्ना हेसलम: माहिती नव्हती. निर्दोष.'

अकरा ऑगस्ट. आई न्हाणीघरात पडली तो दिवस. मी रडत होते तेव्हा हा शेजारी बसून माझी पाठ थोपटत होता! त्यानंतर नऊ दिवस होते त्याच्या हातात. नऊ दिवस मी त्याच्यासाठी मूग गिळून बसले आणि आईला वृद्धाश्रमात जाऊ दिलं.

डेलचा फोन आला. "तू सुटलीस ना, बरं झालं." मनापासून म्हणाला. तेच जास्त लागलं.

१० ऑक्टोबर

आईच्या घराला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. टिलीचे आणि माझे कपडे भरले, सीथॉर्पच्या शाळेत तिचं नाव घातलं. आईला कळवलं. डेलला नाही.