दाब चार

प्रिय पक्कड,

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि मी आत्ता कागद पुढ्यात घेतोय. एवढ्या उशिराबद्दल आजोबाला माफ कर. रोज सकाळी ठरवायचो, चहा झाला की लिहायला बसू. चहा व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, आणि पेनाचं टोपण काढलं की परत लावून ठेवायचो. तुझी आजी दोनदा येऊन बघून गेली. म्हणाली, "पत्र लिहिताय की बाँब बनवताय?" फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी जे सांगायचं ते माझ्या तोंडून निघेल असा भरवसा मला नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा चुका पदरात घे आणि पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून ठेवू नकोस.

नीट पोचलीस हे तुझ्या आईने कळवलं. बसमध्ये खिडकी बंद ठेवली होतीस ना? वाऱ्याने तुझा घसा धरतो. आईकडे उशी पातळ आहे, मान आखडत असेल तर चादरीची घडी घालून घे. हे सगळं मी फोनवर विचारणारच होतो, पण त्याआधीच आई म्हणाली की तू औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायचं ठरवलं आहेस, मिस्त्रीकाम सोडलं म्हणून. मी हातात फोन धरून भिंतीला टेकलो. आई म्हणाली, "बाबा, ती म्हणते, आजोबांचा आकडा कधी चुकत नाही. म्हणजे माझाच हात कुठेतरी चुकला. असला हात इंजिनाला लावूच नये." तेव्हापासून घास खाली उतरत नाही. आजीला वाटतं, मला तुझी आठवण येते. येतेच, पण घास अडकतो तो त्याने नाही.

तू दोन वर्षांची असताना माझं बोट धरलंस की सोडवायला दोन माणसं लागायची, म्हणून तुला पक्कड म्हणायला लागलो. पुढे खरोखरच पक्कड हातात घेतलीस, तेव्हा तुझी आजी मला महिनाभर बोलत होती. मी मात्र मनातून फुगलो होतो. पस्तीस वर्षं ज्या वर्कशॉपमध्ये घासली तिथे माझी नात जाणार! फोरमनने तुझ्यासमोर अट घातली तेव्हा मी बाजूलाच होतो. "कागद नकोत मला. स्वतःच्या हाताने केलेली एक गाडी आण आणि मागचा चढ तिसऱ्या गिअरवर चढवून दाखव. चढली की तू आत." आपली छोटी गाडी त्या चढावर दुसऱ्या गिअरलासुद्धा धापा टाकायची, म्हणूनच तू तीच निवडलीस. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं, आणि किती भीतीही.

खरं म्हणजे तुझं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. तुला इंजिनच बदलायचं होतं. मामाआजोबाच्या भंगाराच्या वखारीत मागून ठोकलेली ती मोठी गाडी पडली होती, पुढचा भाग जसाच्या तसा. तू सुतळी घेऊन गेलीस, इंजिन मापलंस, घरी येऊन आपल्या बॉनेटखाली तीच सुतळी धरलीस आणि ओरडलीस, "आजोबा, दोन बोटं जागा उरतेय!" मी लगेच खोडा घातला. इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशन कापावी लागतील, गिअरबॉक्स जुळणार नाही, रेडिएटर पुरणार नाही, कागदपत्रांचं लचांड मागे लागेल. सगळं खरंच होतं, पण त्यातलं एकही कारण माझं नव्हतं. आपलं जुनं इंजिन मी तीनदा उघडून बांधलं आहे. तुझी आई शाळेत असल्यापासून त्याचा आवाज माझ्या कानात आहे. ते उचलून भंगारात टाकायचं हे मला बघवलं नसतं. मग मी टर्बोचं घोडं पुढे दामटलं. स्वस्तात होईल म्हटलं. मामाआजोबाकडच्या डिझेल व्हॅनचा काढू, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराने चक्री फिरेल, ती इंजिनात जास्तीची हवा कोंबेल, आणि इंजिन आपलं आपल्यापाशी राहील. तू म्हणालीस, "आजोबा, लहान इंजिनात हवा कोंबायची म्हणजे त्याला आपल्या तब्येतीपेक्षा जास्त जेवायला घालणं." मी म्हटलं, "मोजून घातलं तर पचतं." किती शहाणा मी!

दोन महिने आपण दोघं त्या शेडमध्ये होतो. तू केलेलं वेल्डिंग मी बोटाने चाचपून बघायचो, कुठे खरखर लागते का. लागायची नाही. ऑइलची नळी तू तीनदा वाकवलीस, कारण ती गरम पाइपाच्या जवळून जात होती आणि तुला ते पटत नव्हतं. मी म्हणालो होतो, चालेल. तू म्हणालीस, चालेल म्हणजे चालणार नाही. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते टायमिंग तू लावलंस, दाब कमीजास्त करायचा तो पितळी पेच तू बसवलास, आणि मामाआजोबाकडून आणलेलं दाबाचं मीटर डॅशबोर्डवर लावलंस. किती दाब द्यायचा ते ठरवणं तेवढं माझ्याकडे होतं. मी हिशोब केला. जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल लागतं, आणि आपल्या इंजिनाला ते चार पौंडांपर्यंतच पुरणार. त्यापुढे गेलं की पिस्टन भाजणार. मला रक्तदाब दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने "दाब" आणि पुढे आकडा लिहिला, मीटरशेजारी चिकटवला आणि निघालो. परत आलो तर तू पेच लावून हात धूत होतीस. म्हणालीस, "तुमच्या पट्टीप्रमाणे लावलंय, आजोबा. तुमचा तिकडचा दाब किती निघाला?" आपण दोघं केवढे हसलो होतो.

त्या गुरुवारचं आता लिहितो. हात थरथरतोय, अक्षर लागलं नाही तर आईला विचार. फोरमन चढाच्या टोकाला हात मागे बांधून उभा होता, बाकीचे मिस्त्री भिंतीला टेकून. मी तुझ्या शेजारी बसलो. तू खाली तिसरा टाकलास आणि गाडी अशी उचलली की माझं डोकं मागे आपटलं. मला वाटलं, ही आपली गाडी नव्हेच. तू म्हणालीस, "काटा बरोबर पट्टीवरच्या आकड्यावर आहे." मी मान डोलावली. माझा चष्मा खिशात होता. आयुष्यभर मी मीटरवरचे आकडे वाचले नाहीत, पोरी. काटा कुठे उभा आहे ते बघायचो आणि तेवढ्यावर भागायचं. ते मीटर माझ्या ओळखीचं नव्हतं. काटा जरा जास्तच कलल्यासारखा वाटला, पण मी म्हटलं, असेल याची तशीच पद्धत.

मग तो धडाका. बॉनेटखालून पांढरा धूर, ऑइलचा वास, आणि चढावर मधोमध उभी गाडी. तू आधी हँडब्रेक ओढलास, मग माझ्याकडे वळून विचारलंस, "आजोबा, लागलं का कुठे?" तुझे ओठ पांढरे पडले होते. आणि मी काय केलं? फोरमन धावत आला, सगळे गोळा झाले, आणि त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "टायमिंग कोणी लावलं होतं?" तू खाली बघत म्हणालीस, "मी." एवढंच. मी एक शब्द आणखी बोललो नाही, आणि न बोलून ते तुझ्या गळ्यात तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी हत्यारांची गुंडाळी माझ्या टेबलावर होती आणि तू बसमध्ये होतीस.

सोमवारी मामाआजोबा गाडी बघायला आला. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलंय ते त्याने बघितलं, मग दार उघडून आत डोकावला आणि तसाच वाकलेला राहिला. म्हणाला, "दाजी, एवढ्याशा इंजिनाला आठ पौंड? वेड लागलं होतं का तुम्हाला?" मी म्हटलं, आठ कुठले, चार. तो म्हणाला, "तुमच्याच हातचं आहे. या, बघा." मी चष्मा लावला. पट्टीवर माझा चार होता. पण बाळ, आपल्या चाराची वरची दोन टोकं मोकळी असतात ना, ती माझ्या थरथरत्या हाताने एकमेकांना चिकटवली होती. वरही गोल, खालीही गोल. तरी मला पटेना. आजीला बोलावलं, काही न सांगता पट्टी दाखवली. ती पदराला हात पुसत म्हणाली, "आठ. इंग्रजीतला." वर ती म्हणते, "तुमचा चार असाच असतो. शिंप्याने तुमच्या जाकिटाला आठ बटणं लावली ती उगाच?" पंधरा वर्षं मी ते जाकीट घालतोय आणि शिंप्याला मूर्ख म्हणतोय.

तू इंग्रजी आकड्यांवर शिकलेली, मीटरही इंग्रजी. तू पट्टी वाचलीस, पेच फिरवलास आणि काटा आठावर नेमका उभा केलास. केसभरही इकडेतिकडे नाही. तुझं टायमिंग मी नंतर स्वतः तपासलं, वेल्डिंग तपासलं, ऑइलची नळी उघडून बघितली. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. दुप्पट दाबावर ते इंजिन अर्धा चढ चढलं, ते तुझ्या हातामुळेच. आणखी एक सांगतो, हे आजीलाही सांगितलेलं नाही. धडाक्याच्या आधी मला आवाज आला होता. डब्यात खिळे हलवल्यासारखा. इंजिन आतून भाजायला लागल्याचा तो आवाज मी पस्तीस वर्षं ओळखतो. "पाय काढ" म्हणायला दोन शब्द लागतात. पण फोरमन बघत होता, चढ थोडाच उरला होता, आणि मला तुला वर पोचलेलं बघायचं होतं. मी गप्प बसलो. तुला काही झालं असतं तर? हे रोज मनात येतं.

सोमवारी हे कळलं आणि त्यानंतर आठवडा मी तोंड शिवून बसलो. आजोबाचा आकडा चुकत नाही असं म्हणणारं जगात एकच माणूस आहे, तेही जाईल याची भीती वाटली. पण काल आई म्हणाली, दुकानवाल्याने तुला पुढच्या सोमवारपासून बोलावलंय. मी फोन ठेवला आणि तसाच चपला घालून वर्कशॉपवर गेलो. सगळे मिस्त्री जेवायला बसले होते. मी त्यांच्यासमोर ती पट्टी फोरमनच्या हातात दिली आणि म्हटलं, हा आठ नाही, माझा चार आहे, पोरीने माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला एवढाच तिचा दोष, आणि त्या दिवशी तुमच्यासमोर मी तिच्यावर ओरडलो ते खोटं होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. फोरमनने टायमिंगचं विचारलं, नळीचं विचारलं, मग म्हणाला, "ज्या पोरीने दिलेला आकडा काट्याला काटा लावला ती मला पाहिजे. सोमवारी सकाळी गेटवर असली तर जागा तिची. नाहीतर दुसऱ्याला बोलावतो." मामाआजोबाने ते मोठं इंजिन उतरवून शेडमध्ये आणून ठेवलंय. आपलं जुनं मी स्वतः बाहेर काढलं, त्याला हात लावताना रडलो, पण काढलं. तुझ्या हत्यारांना तेल लावून ठेवलंय. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव, वाटेल तेवढा वेळ घे. पण माझी चूक स्वतःची समजून काउंटरवर जाऊन बसू नकोस, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. सोमवारला सहा दिवस उरलेत आणि टपालाचा काही भरवसा नाही. हे पत्र हातात पडलं की त्याच दिवशी आजीच्या फोनवर सांग, येतेस की नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, तिला सांग. मी फोनपाशीच बसलेला आहे.

तुझाच,
आजोबा