तिसरा पुकारा

बाबा,

गेल्या आठवड्यात नातीनं तिचं इंग्रजीचं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, आजी, यातून प्रश्न तयार करायचेत, मदत कर. पाहते तर धडा कोर्टाचा. खालचं कोर्ट, त्याच्या वरचं, सगळ्यांत वरचं. न्यायाधीश काय करतो, साक्षीदार कुठं उभा राहतो. हू, व्हॉट, व्हेअर, व्हाय. जन्मभर अकोल्यात पोरींना इंग्रजी शिकवलं, असले प्रश्न मी झोपेतही करीन. पण मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर होता. पोरगी हसली आणि म्हातारीचं आता काही खरं नाही असं समजून खेळायला गेली. मला सगळं कळत होतं, तेच तर दुखणं आहे. तेव्हापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणतेय, आज बसले.

तुम्ही अमरावतीच्या कोर्टात चपराशी होता. पांढरा कोट, खांद्यावरून लाल पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला माय दर रविवारी चिंचेनं घासायची. तुमचं मुख्य काम पुकाऱ्याचं. खटल्याची पाळी आली की दारात उभं राहून पक्षकाराला, साक्षीदाराला हाक द्यायची. अमुक वल्द तमुक, राहणार चांदूर रेल्वे, हाजिर आहे काऽऽ? वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असली तर जौजे आणि नवऱ्याचं नाव. नुसतं नाव तुम्ही कधी घेतलं नाही. ‘बापाच्या नावाबिगर पुकारा कच्चा असते,’ तुम्ही सांगायचे, ‘एका नावाचे तीन माणसं उठतात.’ एकदा दुसऱ्या कोणी घाईत अर्धाच पुकारा दिला, तेव्हा बैलचोरीच्या खटल्यात भलताच शेतकरी साक्षीला उभा राहिला आणि शपथ घेईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट सांगताना तुम्ही इतके हसायचे की घास घशात अडकायचा. पुकारे तीन द्यायचे. तिसऱ्यालाही कोणी बोललं नाही की माणूस गैरहजर लागला, त्याचं नुकसान झालं. म्हणून तिसरा पुकारा द्यायच्या आधी तुम्ही व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन फाटकाकडे नजर टाकायचे. अचलपूरची एस.टी. उशिरा आली असेल, कोणी धावत येत असेल. साहेब एक-दोनदा रागावलेही, पण तुमची सवय काही गेली नाही.

विदर्भ महाराष्ट्रात आला त्याच्या आगेमागची गोष्ट. मी दहावीत होते. शाळेत इंग्रजीला पुण्याहून नवीन बाई आल्या होत्या आणि त्यांनी हा कोर्टाचाच विषय धरला. रोज दहा प्रश्न करून आणायचे, नुसते लिहून नाही, कोणाला तरी विचारून. आमच्या वस्तीत इंग्रजी प्रश्न विचारायचा कोणाला? तुम्हीच म्हणाले, ‘मले विचार ना. कोर्टातला साक्षीदार मीच.’ सकाळी माय चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही कोट अंगात घालून ज्वारीच्या कणगीवर हात ठेवून उभे, कणगी म्हणजे साक्षीदाराचा पिंजरा, आणि मी पाटावर बसून वकील. व्हॉट इज युवर नेम? हा प्रश्न सगळ्यांत आधी, कारण कोर्टात तोच आधी येतो. सुरुवातीला तुमची जीभ वळेना. महिन्याभरात तुम्ही छाती काढून, माय नेम इज म्हणून आपलं पूर्ण नाव, तुमच्या बापाच्या नावासकट, असं सांगायला लागले की शेजारची बाई डोकावून जायची. व्हेअर डू यू वर्क? आय वर्क इन द डिस्ट्रिक्ट कोर्ट. मायला सगळी गंमत. ‘काहून वो, घरातच कचेरी भरवून राहिले का? साक्षीदाराले भाकर पायजे का नको?’ तुम्ही मान न वळवता म्हणायचे, ‘येस मॅडम.’ आपण धर्म बदलून बौद्ध झालो त्याला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. तुम्ही मला बजावायचे, ‘पोरी, आता कोणी नाव विचारलं का मान वर करून सांगाचं. पूर्ण सांगाचं.’

आणि मी शाळेत काय सांगितलं होतं, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. माझ्या बाकावर एका वकिलाची मुलगी बसायची. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हणाले, कोर्टात असतात. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिनं तिला हवा तो अर्थ लावला आणि मी तो लावू दिला. पुढं तो अर्थ वर्गभर पसरला. दोन वर्षं मी त्या दोन शब्दांवर मजेत निभावून नेलं. मला वाटायचं, शाळा एकीकडे, कोर्ट एकीकडे, कोण कशाला पाहायला जातं?

बाईंनी जज्जसाहेबांची परवानगी काढली. कामकाज सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मुलींनी यायचं, खऱ्या पिंजऱ्यात उभं राहून एकेकीनं साहेबांना इंग्रजीत एक प्रश्न विचारायचा. तुम्हाला ही बातमी माझ्याही आधी कळली होती. आदल्या दिवशी तुम्ही दाढी करून आले, पागोटं नव्यानं बांधलं. मला म्हणाले, ‘बाईनं मले काही विचारलं तं मी बरोबर सांगतो, तू भिऊ नको.’ मी भीतच होते, बाबा, पण तुमच्या इंग्रजीला नाही. रजा घ्या असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेही धाडस झालं नाही.

व्हरांड्यातून आमची रांग चाललीय. दाराशी तुम्ही उभे. मी रांगेत तिसरी. बाई थांबल्या. इकडेतिकडे पाहून त्यांचं बोट नेमकं तुमच्याकडे गेलं आणि नजर माझ्याकडे, कारण प्रश्नोत्तरांत मी वर्गात पहिली. हू इज धिस मॅन? हा माणूस कोण? मी म्हणाले, ही इज अ प्यून, मॅडम. गुड. व्हॉट इज हिज नेम? तुम्ही माझ्याकडे पाहत होता. तुमच्या चेहऱ्यावर हसू फुटायच्या बेतात होतं. मी म्हणाले, आय डू नॉट नो. मला माहीत नाही. बाई हसून म्हणाल्या, मग त्यालाच विचार, त्यासाठीच तर आलो आपण. तुमचे ओठ हलले, माय नेमची जुळवाजुळव चाललेली मला दिसली, आणि वकिलाची मुलगी माझ्या पाठीशी इतकी चिकटून उभी होती की तिच्या तेलाचा वास येत होता. मी म्हणाले, ही डज नॉट नो इंग्लिश, मॅडम. याला इंग्रजी येत नाही.

तुमचे ओठ मिटले. तुम्ही बाईंना म्हणाले, ‘नाही बाईसाब, मले इंग्रजी नाही येत.’

माझं इंग्रजी वाक्य तुम्हाला कोणी मराठीत सांगितलं नव्हतं. बाईंच्या ध्यानात आलं नाही, मुलींच्या आलं नाही. माझ्या आलं. मी खोटी साक्ष दिली आणि तुम्ही लगेच पिंजऱ्यात चढून तिला दुजोरा दिला.

पुढं आणखी होतं. आत गेल्यावर बाईंनी मुलींच्या नावांची यादी तुमच्या हातात दिली, तुम्ही कोर्टाच्या रिवाजानं पुकारा करायचा. यादी मराठीत होती. तुम्ही घसा साफ केला आणि पहिलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आडनाव, असं दणदणीत पुकारलं की पोरी खुदकन हसल्या. दुसरीचं तसंच. वकिलाच्या मुलीचं तर तिच्या बापाच्या नावावर जोर देऊन, कारण तो वकील तुमच्या रोजच्या ओळखीचा. मग माझी पाळी. यादीत माझ्या नावापुढं तुमचं नाव लिहिलेलं होतं. तुम्ही माझं नाव घेतलं, एक श्वास घेतला आणि आडनाव घेतलं. मधलं गाळलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही दिलेला तो एकच कच्चा पुकारा असेल. मी उठले, हजर म्हणाले, पिंजऱ्यात उभी राहिले आणि साक्षीदाराला शपथ का देतात ते साहेबांना इंग्रजीत विचारलं. साहेबांनी माझ्या उच्चारांची तारीफ केली. बाईंना माझा अभिमान वाटला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, आणि तरीही, खोटं कशाला सांगू, तारीफ गोड लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखे कणगीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं होतं आज राहणार नाहीत. मी वही उघडली आणि दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. व्हेअर डू यू वर्क. तुम्ही उत्तर दिलं. बाकीचे आठही झाले. मायचं सगळीकडे लक्ष. भाकरी उलटत ती म्हणाली, ‘काहून व, आज साक्षीदाराचं नाव नाही इचारलं?’ मी वहीचं पान उलटलं. तुम्ही कोटाची गुंडी लावत म्हणाले, ‘नाव तं तिले मालूम आहे.’ रागानं नाही म्हणाले. डबा उचलला आणि कामावर गेले. रागावला असता, एक मुस्काटात दिली असती, तर मी रडून मोकळी झाले असते.

मग मॅट्रिक झालं, पुढचं शिक्षण झालं आणि अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली. एस.टी. स्टँडवर तुम्ही ट्रंक टपावर चढवलीत. गाडी सुरू झाली, मी खिडकीत. एकाएकी तुम्ही ताठ उभे राहिले, हात तोंडाशी नेला आणि भर स्टँडवर पुकारा दिला. माझं नाव, तुमचं नाव, आडनाव, हाजिर आहे काऽऽ? लोक वळून पाहायला लागले. तुम्ही हसत होता. दुसऱ्यांदा दिलात, पूर्ण, पक्का. मला फक्त हजर म्हणायचं होतं. तीन अक्षरं, जास्तीची नाहीत. पण पुढच्या बाकावर माझ्याच नव्या शाळेतल्या एक शिक्षिका बसल्या होत्या आणि मी नुसता हात हलवला. तिसरा पुकारा तुम्ही दिला नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी पाहत होते. तुम्ही स्टँडच्या टोकापर्यंत चालत आले आणि तिथंच उभे राहिले.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवऱ्याचं नाव माझ्या नावापुढं आलं आणि तुमचं निघालं. रिवाजच आहे, सगळ्यांच्याच बापाचं निघतं. माझ्या बापाचं आधीच निघालं होतं, ते मीच काढलं होतं. वर्षाच्या आत तार आली. मी पोचले तेव्हा तुम्हाला आंघोळ घालून झाली होती. माय रडत नव्हती. कोपऱ्यात बसून ती बिल्ला घासत होती, कारण दुसऱ्या दिवशी तो कचेरीत जमा करायचा होता. तेव्हा तरी तुमच्या कानाशी जाऊन हजर म्हणायला हवं होतं. घर माणसांनी भरलेलं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. आता पुन्हा वाचून पाहिलं, तर एवढ्या मजकुरात तुमचं नाव एकदाही नाही. दुपार होती, घरात कोणी नव्हतं. म्हटलं, निदान एकदा मोठ्यानं म्हणू. आणि म्हणाले, बाबा. माझं नाव, तुमचं नाव, आपलं आडनाव, आणि शेवटी हजर. आवाज चांगला खणखणीत निघाला. पण त्याआधी मी उठून खिडकी लावून घेतली होती.